डोळ्यातले दोन थेंब : डॉ. कार्ल कोलर आणि स्थानिक भुलीची गोष्ट



दाढ काढायला पेणच्या किंवा रोह्याच्या दवाखान्यात तुम्ही कधी ना कधी खुर्चीत बसला असाल. डॉक्टर हिरडीत सुई टोचतात, पाच मिनिटं थांबायला सांगतात. मग ओठ जड होतो, गाल आपला नसल्यासारखा वाटतो, आणि दाढ निघते तेव्हा ओढल्याचं कळतं पण दुखत नाही. आपण पूर्ण शुद्धीवर असतो. बोटाला टाके घालताना, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला, बाळंतपणाच्या सिझरला हेच. याला डॉक्टर स्थानिक भूल म्हणतात. आपण साध्या भाषेत जागा बधिर केली म्हणतो.

ही सोय जगाला पहिल्यांदा दाखवली २६ वर्षांच्या एका तरुण डॉक्टरनं, १८८४ साली, ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात. त्यांचं नाव कार्ल कोलर. मुलांना आपण फ्लेमिंग सांगतो, पाश्चर सांगतो, जेन्नर सांगतो. कोलर सांगत नाही. चेतासंस्थेचा पाठ शिकवताना आणि दहावीला कार्बनी संयुगं शिकवताना ही गोष्ट फार उपयोगी पडते, म्हणून या वेळचा निबंध त्यांच्यावर.

बालपण आणि शिक्षण

कार्ल कोलर यांचा जन्म ३ डिसेंबर १८५७ रोजी बोहेमियातल्या शुटेनहोफेन या छोट्या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज चेक देशात आहे आणि त्याला सुशित्से म्हणतात. कार्ल अगदी लहान असतानाच त्यांची आई गेली. नंतर कुटुंब व्हिएन्नाला आलं. तिथेच शिक्षण झालं आणि १८८२ साली व्हिएन्ना विद्यापीठातून ते डॉक्टर झाले.

विद्यार्थी असतानाच ते प्रा. स्ट्रिकर यांच्या प्रयोगशाळेत काम करत. कोंबडीच्या अंड्यात गर्भ कसा वाढतो यावर त्यांनी चांगलं संशोधन केलं होतं. म्हणजे बेडूक, ससे, सूक्ष्मदर्शक आणि बारीक नोंदी यांची सवय हाताला आधीपासून होती. पुढे गोष्टीत ही सवयच कामाला येते, हे लक्षात ठेवा.

पदवीनंतर ते व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात उमेदवारी करू लागले. मनात एकच होतं, नेत्रविभागात सहाय्यकाची जागा मिळवायची. पण त्या जागेसाठी रांग मोठी होती. काहीतरी नवं, ठळक काम करून दाखवल्याशिवाय ती मिळणार नव्हती.

तेव्हा डोळ्याचं ऑपरेशन कसं व्हायचं?

इथे थोडं थांबून मुलांना हा प्रश्न विचारा. डोळ्यात धुळीचा कण गेला तरी पापणी आपोआप मिटते. मग डोळ्यावर सुरी चालवायची कशी?

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मोतीबिंदू सुईनं बाजूला ढकलण्याची रीत सांगितली आहे. शस्त्रक्रियेआधी रोग्याला मद्य द्यावं असंही त्यात आहे. म्हणजे वेदनेचा विचार आपल्याकडे फार जुना. पण मद्यानं माणूस गुंगतो, डोळा बधिर होत नाही.

१८४६ साली अमेरिकेत ईथरची भूल जाहीरपणे दाखवली गेली आणि १८४७ साली क्लोरोफॉर्म आलं. हात-पाय कापण्याच्या मोठ्या शस्त्रक्रिया त्यामुळे सुसह्य झाल्या. डोळ्याच्या डॉक्टरांची अडचण मात्र सुटली नाही. एक तर बेशुद्ध रोग्याला वर बघा, खाली बघा असं सांगता येत नाही. दुसरं म्हणजे शुद्धीवर येताना रोग्याला उलट्या होत. उलटीच्या जोरानं नुकताच कापलेला डोळा उसवायची भीती. त्यामुळे १८८४ सालापर्यंत कित्येक रोग्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पूर्ण जागेपणी, काहीही न देता होई. चार माणसं धरून बसत.

कोलर यांनी ही अडचण मनाशी पक्की धरली होती. संपूर्ण माणूस झोपवायचा नाही, फक्त डोळा झोपवायचा. क्लोरल, ब्रोमाइड, मॉर्फिन अशी औषधं त्यांनी प्राण्यांच्या डोळ्यांत घालून पाहिली. एकही चाललं नाही. त्यांनी तो प्रयत्न बाजूला ठेवला, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही.

कोकाची पानं आणि पानसुपारी

दक्षिण अमेरिकेच्या अँडीज डोंगरातले लोक कोका नावाच्या झुडपाची पानं शतकानुशतकं चघळत आले आहेत. थकवा आणि भूक कमी वाटते म्हणून. गंमत अशी की तेही पानाबरोबर चुना किंवा राख घेतात, जसे आपल्याकडे विड्याला चुना लावतात. चुन्यामुळे तोंडातलं पाणी अल्कधर्मी होतं आणि पानातलं द्रव्य मोकळं होऊन लवकर शोषलं जातं. आम्ल आणि आम्लारी यांचा पाठ घेताना हे उदाहरण चांगलं आहे. पुढे ते पुन्हा लागणार आहे.

१८६० च्या सुमारास जर्मनीत आल्बर्ट नीमान या रसायनतज्ज्ञानं या पानातून शुद्ध पांढरं द्रव्य वेगळं काढलं. त्याला कोकेन नाव दिलं. जिभेवर ठेवलं की जीभ बधिर होते, हे त्यानंही लिहून ठेवलं. १८८० साली फॉन आन्रेप या संशोधकानं ते स्वतःच्या कातडीखाली टोचून घेतलं आणि जागा बधिर झाल्याची नोंद केली. म्हणजे माहिती छापलेली होती, ग्रंथालयात पडून होती. ज्याच्याजवळ प्रश्न होता त्याची आणि उत्तराची गाठ मात्र पडत नव्हती.

व्हिएन्नाच्या त्याच रुग्णालयात कोलर यांचा एक मित्र होता, सिग्मंड फ्रॉइड. मानसशास्त्रामुळे पुढे जगप्रसिद्ध झालेले तेच फ्रॉइड. १८८४ साली ते कोकेनवर अभ्यास करत होते आणि त्यांनी त्यावर मोठा लेखही छापला. कोकेननं स्नायूंची ताकद वाढते का हे बघायला त्यांनी कोलर यांना सोबत घेतलं. दोघेही थोडं कोकेन घेत आणि यंत्रावर हाताची पकड मोजत. त्यानंतर फ्रॉइड आपल्या वाग्दत्त वधूला भेटायला दूर निघून गेले.

त्याच दिवसांत एका सहकाऱ्यानं कोकेन चाखलं आणि जीभ कशी बधिर होते असं तो सहज बोलून गेला. हे सगळ्यांनाच माहीत होतं. कोलर यांनाही माहीत होतं. पण त्या क्षणी त्यांच्या डोक्यात दोन तारा जुळल्या. जीभ बधिर होत असेल तर डोळा का नाही? ज्याच्या शोधात होतो ते औषध खिशात घेऊन आपण फिरत होतो!

बेडूक, ससा आणि स्वतःचा डोळा

कोलर तडक स्ट्रिकर यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे गेर्टनर नावाचे सहाय्यक होते. चिमूटभर पूड पाण्यात विरघळवली. एका बेडकाच्या एका डोळ्यात थेंब टाकला. सुमारे मिनिटभरात त्या डोळ्याला सुईनं स्पर्श केला तरी बेडूक हलेना. दुसऱ्या डोळ्याला स्पर्श केला की लगेच आक्रसून घ्यायचा.

शिक्षक मित्रांनो, इथे फळ्यावर दोन डोळे काढा. एकात औषध, दुसऱ्यात काही नाही. प्राणी तोच, वेळ तीच, सुई तीच. फरक फक्त औषधाचा. नियंत्रित प्रयोग म्हणजे काय हे यापेक्षा सोपं सांगता येणार नाही.

मग ससा झाला, कुत्रा झाला. शेवटी दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत थेंब टाकले, आरसा समोर धरला आणि टाचणीच्या डोक्यानं बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला दाबून पाहिलं. खळगा पडलेला आरशात दिसत होता. जाणवत मात्र काही नव्हतं. (ही गोष्ट सांगताना मुलांना बजावून सांगा, स्वतःच्या डोळ्यावर कसलेही प्रयोग करायचे नाहीत.)

१५ सप्टेंबर १८८४ रोजी जर्मनीत हायडेलबर्ग इथे नेत्रतज्ज्ञांची मोठी परिषद होती. कोलर यांच्याकडे तिथवर जायला पैसे नव्हते. त्यांनी लिहिलेलं छोटं टिपण ट्रिएस्टचे डॉ. ब्रेटाउअर यांनी वाचलं आणि एका रोग्यावर प्रयोग करून दाखवला. सभागृह थक्क झालं. १७ ऑक्टोबरला व्हिएन्नाच्या वैद्यकीय सभेत कोलर यांनी स्वतः सविस्तर निबंध वाचला. त्याआधीच बातमी अटलांटिक ओलांडून अमेरिकेत पोचली होती. त्या वर्षी आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टरीचं शिक्षण घेत होत्या. आनंदीबाई शिकत होत्या त्या काळात वैद्यकशास्त्र किती वेगानं बदलत होतं, याची यावरून कल्पना येते.

एप्रिल १८८५ मध्ये फ्रॉइड यांच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. कोनिगश्टाइन या डॉक्टर मित्रानं ते केलं, भुलीचे थेंब कोलर यांनी घातले आणि फ्रॉइड मदतीला उभे होते. शोधाशी संबंध असलेले तिघे एका खोलीत. कोनिगश्टाइन यांनीही जवळजवळ त्याच वेळी असेच प्रयोग केले होते, पण पहिलेपणाचा मान त्यांनी कोलर यांना दिला. मित्रमंडळींत कोलर यांचं नाव कोका कोलर पडलं.

मान मिळाला, जागा गेली

आता गोष्टीचा कडू भाग. मोठ्या वर्गात तो वगळू नका.

जानेवारी १८८५. रुग्णालयात बोटाला जखम झालेला एक रोगी आला. बोटावरचा आवळ इतका घट्ट होता की रक्त थांबून बोट सडायची भीती होती. ड्यूटीवरच्या कोलर यांनी तो सैल करायला घेतला. झिनर नावाच्या दुसऱ्या डॉक्टरनं रोगी आपल्या विभागाचा आहे म्हणून हरकत घेतली. वाद वाढला आणि झिनरनं सर्वांसमोर कोलर यांच्या ज्यू असण्यावरून घाणेरडी शिवी दिली. कोलर यांनी त्याच्या थोबाडीत दिली.

त्या काळच्या रीतीप्रमाणे प्रकरण तलवारीच्या द्वंद्वावर गेलं. कोलर यांना तलवारबाजीचा फारसा सराव नव्हता. तरी ते सुखरूप राहिले आणि झिनरला दोन जखमा झाल्या. द्वंद्व कायद्यानं गुन्हा होता, त्यामुळे कोलर यांच्यावर खटला झाला आणि नंतर माफी मिळाली. पण ज्या जागेसाठी सगळी धडपड केली ती नेत्रविभागातली जागा त्यांना मिळाली नाही. अवघ्या चार महिन्यांपूर्वी ज्याच्या शोधानं जग हललं, त्याला स्वतःच्याच शहरात दार बंद झालं.

हात उगारणं बरोबर होतं का? वर्गात हा प्रश्न विचाराल तर दोन तट पडतील, पडू द्या. पण त्याच्या आधीचा प्रश्न सुटू देऊ नका. जातीवरून, धर्मावरून एखाद्याला चारचौघांत हिणवलं गेलं तेव्हा बाजूला उभे असलेले काय करत होते? आपल्या शाळेच्या मैदानावर, डबा खाताना, बसमध्ये असं काही कानावर येतं तेव्हा आपण काय करतो? शोध लावणारा माणूस गमावला तो व्हिएन्नानं, आणि कारण होतं एक शिवी आणि ती चालवून घेणारं वातावरण.

कोलर त्या वर्षी व्हिएन्ना सोडून गेले. काही काळ हॉलंडमध्ये उट्रेख्टला डॉन्डर्स आणि स्नेलन या नेत्रतज्ज्ञांजवळ राहिले. स्नेलन हे नाव तुमच्या शाळेच्या भिंतीवर आहे. आरोग्य तपासणीत मुलांना सहा मीटरवरून वाचायला लावतात तो मोठ्या-लहान अक्षरांचा तक्ता त्यांचाच. १८८८ साली कोलर न्यूयॉर्कला गेले आणि तिथे माउंट सायनाय रुग्णालयात आणि स्वतःच्या दवाखान्यात आयुष्यभर डोळ्यांचे रोगी तपासत राहिले. नोबेल मिळालं नाही. १९२२ साली अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या संस्थेनं ल्यूशियन हाउ पदक सुरू केलं तेव्हा पहिलं पदक त्यांना दिलं. २१ मार्च १९४४ रोजी, ८६ व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं.

जागा बधिर होते म्हणजे काय होतं?

आता विज्ञानाकडे येऊ. पेणच्या खारेपाटातल्या मुलांना हे समजावणं सर्वांत सोपं.

खारेपाटात शेताला बांध असतो आणि बांधात उघाडी असते. बाहेर खाडीचं खारं पाणी, आत शेत. भरतीच्या वेळी उघाडीची फळी उघडी राहिली तर पाणी धावत आत येतं. आपल्या चेतातंतूचं तसंच आहे. तंतूच्या बाहेर सोडिअम जास्त, आत कमी. हाच सोडिअम मिठागरातल्या मिठात असतो. तंतूच्या भिंतीत सोडिअमसाठी बारीक दारं असतात. सुई टोचली की पहिलं दार उघडतं, सोडिअम आत घुसतो, त्यामुळे शेजारचं दार उघडतं, मग त्याच्या शेजारचं. अशी दारं उघडत उघडत आवेग मेंदूपर्यंत पोचतो आणि आपण आई गं म्हणतो.

भुलीचं औषध या दारात अडसर घालतं, तोही आतल्या बाजूनं. आवेग तिथेच थांबतो. मेंदू जागा असतो, पण त्याला निरोप जात नाही. औषध हळूहळू रक्तात वाहून गेलं की अडसर निघतो आणि जाणीव परत येते. सहसा दुखणं आधी जातं, मग गरम-थंड, मग स्पर्श, आणि हालचाल सर्वांत शेवटी. म्हणून दाढ काढताना ओढल्याचं कळतं, दुखत नाही.

आता चुन्याची आठवण ठेवा. औषधाला तंतूच्या स्निग्ध भिंतीतून आत शिरायला विद्युतभार नसलेलं रूप लागतं. अल्कधर्मी परिस्थितीत हे रूप जास्त असतं, आम्लधर्मी परिस्थितीत कमी. दाढेला पू झाला असेल तर तिथलं वातावरण आम्लधर्मी असतं. त्यामुळे औषध आत कमी शिरतं आणि भूल नीट चढत नाही. डॉक्टर आधी सूज उतरू दे म्हणतात त्यामागे हेही एक कारण असतं.

दोन घराणी : एस्टर आणि अमाइड

कोकेननं डोळा वाचवला पण माणसं बिघडवली. ते व्यसन लावतं, हृदयावर ताण आणतं, डोळ्याच्या पडद्यालाही इजा करतं. न्यूयॉर्कचे शल्यविशारद हॉल्स्टेड यांनी १८८४-८५ मध्ये चेतातंतूजवळ कोकेन टोचून मोठा भाग बधिर करायची पद्धत काढली, आणि स्वतःवर प्रयोग करता करता ते व्यसनात अडकले. फ्रॉइड यांच्या एका मित्राचं मॉर्फिनचं व्यसन सोडवायला कोकेन दिलं, तर त्याला त्याचंही व्यसन जडलं. आज आपल्या देशात कोकेन बाळगणं हा गंभीर गुन्हा आहे. एकाच द्रव्यात औषध आणि विष दोन्ही कसं असतं, हे व्यसनमुक्तीच्या तासाला याच गोष्टीवरून सांगता येईल.

म्हणून रसायनतज्ज्ञ कोकेनला पर्याय शोधू लागले. या सगळ्या औषधांच्या रेणूचे तीन भाग असतात. एका टोकाला स्निग्धात मिसळणारं कडं, दुसऱ्या टोकाला पाण्यात मिसळणारा अमाइन गट, आणि मध्ये सांधा. रोह्याचं स्टेशन डोळ्यांसमोर आणा. अलीकडे मध्य रेल्वे, पलीकडे कोकण रेल्वे, आणि दोन्ही जोडणारा सांधा रोहा. रेणूतला हा सांधा एस्टर आहे की अमाइड, यावर औषधाचं घराणं ठरतं.

एस्टर घराण्यात कोकेन, बेंझोकेन, प्रोकेन, टेट्राकेन. प्रोकेन म्हणजे जर्मनीच्या आइनहोर्न यांनी शोधलेलं आणि १९०५ पासून नोव्होकेन नावानं गाजलेलं औषध. व्यसन न लावणारी, टोचून द्यायची ही पहिली चांगली भूल. प्रोकेनसारखी एस्टर औषधं रक्तातल्या विकरानं लवकर तुटतात म्हणून त्यांचा असर थोडा वेळ टिकतो. तुटताना जे द्रव्य तयार होतं त्याची काहींना ॲलर्जी येते.

अमाइड घराण्यात लिग्नोकेन, प्रायलोकेन, मेपिव्हाकेन, ब्युपिव्हाकेन, रोपिव्हाकेन. लिग्नोकेन १९४३ साली स्वीडनमध्ये लॉफग्रेन आणि लुंडक्विस्ट यांनी तयार केलं. लुंडक्विस्ट यांनीही ते स्वतःवरच टोचून पाहिलं. १९४८ साली ते झायलोकेन नावानं बाजारात आलं. तोवर कोलर जाऊन चार वर्षं झाली होती. अमाइड औषधं यकृतात तुटतात, जास्त टिकाऊ असतात, ॲलर्जी क्वचित. म्हणून आज दवाखान्यात बहुतेक हीच वापरतात.

ओळखायची युक्ती मुलांना आवडते. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटच्या केनच्या आधी कुठेतरी आय अक्षर असेल तर औषध अमाइड, नसेल तर एस्टर. लिग्नोकेनमध्ये आहे, प्रोकेनमध्ये नाही. फळ्यावर नावं लिहून करून घ्या.

किती वेळ टिकतं यावरूनही वर्ग पाडतात. प्रोकेन कमी वेळ, लिग्नोकेन मध्यम म्हणजे साधारण एक-दोन तास, ब्युपिव्हाकेन कित्येक तास. म्हणून पाठीच्या कण्यातून भूल देताना ब्युपिव्हाकेन फार वापरतात. कण्यातली भूल १८९८ साली जर्मनीच्या बिअर यांनी सुरू केली, तेव्हा तीही कोकेनचीच होती. औषधात थोडं ॲड्रेनॅलिन मिसळलं तर रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, औषध जागेवर जास्त वेळ राहतं आणि रक्तही कमी येतं.

गणिताच्या तासाला

लिग्नोकेन २ टक्के म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये २ ग्रॅम, म्हणजेच १ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. ॲड्रेनॅलिन नसताना पुस्तकातली कमाल मर्यादा साधारण किलोमागे ४.५ मिलिग्रॅम. मग २० किलोच्या मुलाला जास्तीत जास्त किती? ९० मिलिग्रॅम, म्हणजे साडेचार मिलिलिटर. टक्केवारी आणि प्रमाण यांचं हे खरंखुरं उदाहरण. लहान मुलाची दाढ काढण्याआधी डॉक्टर वजन का विचारतात तेही यातून कळतं. मर्यादा ओलांडली तर तोंडाभोवती मुंग्या, कानात गुणगुण, मग झटके आणि हृदयाच्या ठोक्यांत बिघाड होऊ शकतो. हिशेब शिकण्यासाठी आहे, डोस ठरवणं डॉक्टरांचंच काम.

पालकांसाठी चार गोष्टी

१. दाताची भूल दिल्यावर मूल ओठ किंवा गाल चावून घेतं, कारण त्याला कळत नाही. बधिरपणा जाईपर्यंत खायला देऊ नका, गरम दूध-चहा तर नकोच.

२. बाळाला दात येताना हिरडीला लावायची बेंझोकेनची जेल २ वर्षांखालच्या मुलांना लावू नका. क्वचित प्रसंगी रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी होते, बाळ निळसर पडतं.

३. पूर्वी भुलीनं त्रास झाला असेल, हृदयाचा किंवा यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना सुई टोचण्याआधी सांगा.

४. विंचू चावल्यावर त्या जागी लिग्नोकेन टोचलं की ठणका थांबतो, पण विष उतरत नाही. आपल्या कोकणातला लाल विंचू हृदयावर परिणाम करतो. याच जिल्ह्यात महाड भागात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य जीव वाचवले. दुखणं थांबलं म्हणून मुलाला घरी ठेवू नका, दवाखान्यात देखरेखीखाली राहू द्या.

वर्गात विचारण्यासाठी प्रश्न

१. जीभ बधिर होते हे अनेकांना माहीत होतं. मग शोध कोलर यांच्याच हातून का लागला?
२. बेडकाच्या दुसऱ्या डोळ्यात औषध का घातलं नाही?
३. कोकेन बंदी असलेलं आणि लिग्नोकेन दवाखान्यात रोज लागणारं, दोघांत साम्य काय आणि फरक काय?
४. बोटाचा आवळ सैल करणारे कोलर आणि आपल्या विभागाचा रोगी म्हणून अडवणारा झिनर, यांपैकी रोग्याचा विचार कोण करत होता?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुलं नशीब असं देतील. तेव्हा त्यांना क्लोरल, ब्रोमाइड आणि मॉर्फिनचे फसलेले प्रयोग आठवून द्या. कोलर यांच्याजवळ प्रश्न दोन वर्षं तयार होता, म्हणून सहज कानावर पडलेलं वाक्य त्यांना ऐकू आलं. मुलांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपल्याजवळ लगेच नसेल तर तो वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायला सांगा. तो पुसू मात्र देऊ नका.